विरजणाची पारख : दह्यातील जीवाणूंची सुरक्षितता आणि उपयुक्तता

मराठी भाषेने विरजणावर थोडा अन्यायच केला आहे. उत्साहावर विरजण पडते, आनंदावर विरजण पडते, ठरलेल्या सहलीवर पावसाने विरजण घातले असे आपण सहज बोलून जातो. वास्तविक ज्या चमचाभर पदार्थामुळे पातेलेभर दूध नासण्याऐवजी सकाळी अधिक टिकाऊ, अधिक पचनसुलभ आणि अधिक रुचकर होऊन समोर येते, त्याच्या वाट्याला ही अपकीर्ती का यावी? इंदूरच्या मराठी घरांत रात्री ओटा आवरल्यावर शेवटचे काम असते ते विरजण लावण्याचे. घरचे संपले तर शेजारच्या मालवी घरातून वाटीभर ‘जामन’ येते आणि भाषा बदलली तरी दही तसेच लागते. चरकसंहितेत रात्री दही खाणे निषिद्ध मानले आहे, पण सराफ्यात मध्यरात्री दहीवड्याची वाट पाहत उभ्या असलेल्या इंदूरकराला ते कोण सांगणार?

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मात्र याच विरजणाच्या भाऊबंदांनी औषधांच्या दुकानात प्रवेश केला आहे. पुड्या, कॅप्सूल, थेंब, चिमुकल्या बाटल्या अशा नाना रूपांत ‘चांगले जंतू’ विकले जात आहेत. बालरोगतज्ज्ञाला त्यामुळे रोज दोन प्रश्नांना सामोरे जावे लागते. जुलाब होणाऱ्या मुलाची आई विचारते, “डॉक्टर, ती चांगल्या जंतूंची पुडी लिहून दिलीत ना?” आणि सात महिन्यांच्या बाळाची आजी विचारते, “दही चाटवले तर चालेल का हो? त्यात जंतू असतात म्हणतात.” पुडीतील जंतू गुणकारी आणि वाटीतील जंतू घातक, अशी ही समजूत आहे. दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे : कोणता जीवाणू, किती, कोणत्या हेतूने आणि कोणाला, हे कळल्याखेरीज ‘चांगला’ किंवा ‘वाईट’ हे विशेषण लावता येत नाही. आणि सुरक्षितता व उपयुक्तता हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. एकाचे उत्तर मिळाले म्हणून दुसऱ्याचे मिळत नाही.

विरजणातील मंडळी

दुधातील साखर म्हणजे लॅक्टोज. तिचे आंबवण करून लॅक्टिक आम्ल बनवणाऱ्या जीवाणूंचे हे घराणे आहे. आम्लता वाढून सामू ४.६ च्या आसपास आला की दुधातील केसीन हे प्रथिन गोठते आणि दही लागते. सुमारे २० ते ३० अंश सेल्सिअस तापमानात लॅक्टोकॉकस आणि ल्युकोनॉस्टॉक यांचे राज्य असते. ४० ते ४५ अंशांवर स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस आणि लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस ही जोडी पुढे सरसावते. म्हणजे तेच विरजण, तेच पातेले, पण जानेवारीतील मालव्याच्या गार रात्री लागलेले अदमुरे दही आणि मे महिन्यात चार तासांत आंबट होणारे दही यांतील लोकवस्ती एकसारखी नसते. घरचे विरजण हा एक अखंड बदलणारा समाज आहे. दुग्धशाळेतील विरजण याउलट मोजून-मापून निवडलेल्या एक-दोन वाणांचे असते. आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकाप्रमाणे ‘योगर्ट’ हे नाव लावायचे तर थर्मोफिलस व बल्गेरिकस हे दोघेही असावे लागतात आणि दर ग्रॅमला किमान १ कोटी जिवंत जीवाणू असावे लागतात.

या जीवाणूंचा इतिहास वैद्यकापासून वेगळा काढता येत नाही. लॅक्टिक आंबवण हे सजीवांचे कार्य आहे, हे लुई पाश्चर यांनी १८५७ मध्ये मांडले. जंतुनाशक शल्यक्रियेचे जनक जोसेफ लिस्टर यांनी १८७८ मध्ये आंबलेले दूध इतके पातळ केले की एका थेंबात सरासरी जेमतेम एक जीवाणू यावा, आणि त्या मार्गाने दूध आंबवणारा जीवाणू शुद्ध स्वरूपात वेगळा केला. रॉबर्ट कॉख यांची घन माध्यमावरील पद्धत त्यानंतरची आहे. शल्यविशारद लिस्टर यांना दुधाशी काय कर्तव्य होते? जखमेतील पू आणि दुधातील आंबवण यांच्यामागचा न्याय एकच आहे का, हे त्यांना तपासायचे होते. म्हणजे ‘उपकारक’ आणि ‘अपकारक’ जीवाणूंचा अभ्यास आरंभापासून हातात हात घालून चालला आहे.

१९०५ मध्ये स्टामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन तरुण वैद्याने आपल्या गावाकडच्या दह्यातील दंडाकृती जीवाणू जिनिव्हात ओळखला. पाश्चर संस्थेतील इल्या मेचनिकॉफ यांनी बल्गेरियातील शेतकऱ्यांच्या दीर्घायुष्याशी त्याचा संबंध जोडला आणि मोठ्या आतड्यातील कुजण्याची क्रिया या जीवाणूने थांबते असा सिद्धांत मांडला. १९०८ चे नोबेल पारितोषिक त्यांना पॉल एर्लिक यांच्यासह मिळाले ते प्रतिकारशक्तीवरील संशोधनासाठी. दह्याविषयीच्या मताला त्यामुळे आपोआपच वजन आले. पुढे १९२० च्या दशकात येल विद्यापीठातील लिओ रेटगर यांनी दाखवून दिले की बल्गेरिकस मानवी आतड्यात वस्ती करूनच राहत नाही. स्वतः मेचनिकॉफ नेमाने आंबवलेले दूध पीत असत आणि १९१६ मध्ये, वयाच्या ७१ व्या वर्षी निवर्तले. थोर शास्त्रज्ञाचे मत आणि सिद्ध झालेले सत्य यांत अंतर असू शकते, हा या कथेचा बोध आजच्या जाहिराती वाचतानाही उपयोगी पडतो.

परंपरेची साक्ष किती मानावी?

“आमच्या आजीपणजीने हेच खाल्ले, कोणाला काही झाले नाही,” हा युक्तिवाद अडाणीपणाचा आहे असे समजू नये. आधुनिक नियमनशास्त्रही त्याला मान देते. अमेरिकेत ‘सर्वसाधारणपणे सुरक्षित मानलेले’ असा एक वर्ग आहे. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २००७ पासून ‘सुरक्षिततेचे पात्र अनुमान’ या नावाची यादी चालवली आहे. दीर्घ काळ, असंख्य लोकांनी खाल्लेल्या आणि ओळख निश्चित असलेल्या जीवाणू-प्रजातींना त्या यादीत स्थान मिळते. दह्यातील बहुतेक नेहमीची मंडळी तिच्यात आहेत. एन्टेरोकॉकस मात्र नाही, कारण त्याच्या काही वाणांनी रुग्णालयातील संसर्ग आणि व्हॅन्कोमायसिन-प्रतिरोध यांबाबत पुरेशी कुप्रसिद्धी मिळवलेली आहे. तो पारंपरिक चीजमध्ये शतकानुशतके सापडत आला, तरीही.

परंपरेच्या साक्षीला मर्यादा असते याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्याला पुण्यात सापडते आणि तेही दुधाशीच निगडित आहे. एके काळी इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस या यकृतविकाराने असंख्य भारतीय घरांतील एक ते तीन वर्षांची मुले दगावत. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे आणि ब्रिटनचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी १९८३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडले की, लहान अर्भकांना पितळेच्या वा तांब्याच्या भांड्यांत तापवलेले, साठवलेले वरचे दूध पाजण्याशी या रोगाचा संबंध असावा. दुधातील केसीन हे तांबे धरून ठेवते आणि ते बाळाच्या यकृतात साचते. पुढील वर्षांच्या अभ्यासांनी हा दुवा बळकट केला, पितळी भांडी मागे पडली आणि आज तरुण बालरोगतज्ज्ञांपैकी अनेकांनी हा रोग केवळ पुस्तकात पाहिला आहे. पितळी पातेलेही परंपरेचेच होते. ‘कोणाला काही झाले नाही’ असे वाटत होते, कारण कोणी मोजले नव्हते.

त्यामुळे परंपरा ही साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. तिची साक्ष ऐकावी, पण उलटतपासणीही घ्यावी.

सुरक्षिततेची परीक्षा

ही उलटतपासणी कशी घेतात? भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०११ मध्ये अन्नातील प्रोबायोटिक जीवाणूंच्या मूल्यमापनासाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. जागतिक पातळीवर त्याआधी अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००१ मध्ये अर्जेंटिनातील कॉर्डोबा येथे प्रोबायोटिकची व्याख्या निश्चित केली होती. पुरेशा प्रमाणात दिले असता यजमानाच्या आरोग्यास लाभ देणारे जिवंत सूक्ष्मजीव, असा तिचा आशय आहे. ‘जिवंत’, ‘पुरेशा’ आणि ‘लाभ’ या तीन शब्दांपैकी एक जरी गळला तरी व्याख्या कोसळते.

पहिली पायरी ओळखीची. येथे प्रजातीचे नाव पुरत नाही, वाण सांगावा लागतो. मालव्यात ‘गहू द्या’ एवढेच म्हणून कोणी गव्हाच्या दुकानातून परतत नाही. शरबती की लोकवन हे विचारले जातेच. जीवाणूंचेही तसेच आहे. एकाच प्रजातीतील एक वाण निरुपद्रवी व गुणकारी आणि दुसरा निरुपयोगी असू शकतो. म्हणून वाणाची जनुकीय ओळख पटवून तो मान्यताप्राप्त संग्रहालयात जमा करावा लागतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह, कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेतील दुग्धजीवाणूंचा संग्रह, ही अशा ठेवींची आपल्या देशातील ठिकाणे आहेत. २०२० मध्ये लॅक्टोबॅसिलस या एकाच कुळाची २५ कुळांत फेरवाटणी झाली, त्यामुळे वेष्टनांवर ‘लॅक्टिकेसिबॅसिलस’ किंवा ‘लॅक्टिप्लँटिबॅसिलस’ अशी नवी नावे दिसतात. नाव बदलले तरी वाणाचा क्रमांक तोच राहतो, हाच त्या क्रमांकाचा उपयोग.

दुसरी पायरी प्रतिजैविक-प्रतिरोधाची. अनेक लॅक्टोबॅसिलसवर व्हॅन्कोमायसिनचा परिणाम होत नाही, पण तो गुण त्यांच्या मूळ रचनेतला आहे. इतरांना तो वाटता येत नाही. भीती असते ती प्लास्मिडवर बसून एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या प्रतिरोधाची. लॅक्टोबॅसिलस र्यूटेरीचा एटीसीसी ५५७३० हा वाण बाजारात होता. त्याच्यात टेट्रासायक्लिन व लिंकोमायसिन यांना दाद न देणारी जनुके दोन प्लास्मिडांवर आढळली. उत्पादकांनी ती प्लास्मिडे काढून टाकून डीएसएम १७९३८ हा नवा वाण तयार केला. आज चिठ्ठ्यांवर दिसणारा र्यूटेरी बहुधा हाच असतो. वाणाच्या क्रमांकात किती अर्थ दडलेला असतो ते यावरून ध्यानी यावे.

तिसरी पायरी चयापचयाची. थर्मोफिलस हा ‘एल’ प्रकारचे लॅक्टिक आम्ल बनवतो, बल्गेरिकस ‘डी’ प्रकारचे. निरोगी माणसाला वाटीभर दह्यातील डी-लॅक्टिक आम्लाने काही होत नाही. पण शस्त्रक्रियेने आतडे आखूड झालेल्या मुलात डी-लॅक्टेट रक्तात साचून तोल जाणे, बोबडे बोलणे, गुंगी अशी लक्षणे दिसू शकतात. अर्भकांच्या आंबवलेल्या दूध-पावडरीत केवळ एल-आम्ल बनवणारेच जीवाणू वापरावेत, असे कोडेक्सने म्हटले आहे ते याच सावधगिरीपोटी. याखेरीज रक्तपेशी फोडण्याची क्षमता, विषनिर्मिती, पित्तक्षारांचे विघटन, प्राण्यांवरील चाचण्या आणि विक्रीनंतरच्या दुष्परिणामांवर देखरेख, हे सर्व या परीक्षेत येते.

अशा परीक्षेत चांगली बातमीही मिळते. स्ट्रेप्टोकॉकस हे नाव ऐकताच डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडते. न्यूमोकॉकस त्याच घराण्यातला. २००४ मध्ये थर्मोफिलसची संपूर्ण जनुकमालिका प्रसिद्ध झाली तेव्हा दिसले की, रोगकारक नातलगांकडे असणारी अनेक हत्यारे याच्याकडून गळून गेली आहेत किंवा मोडक्या अवस्थेत उरली आहेत. दुधात सुखाने राहता राहता त्याला त्यांची गरजच उरली नाही.

उपयुक्ततेची परीक्षा

सुरक्षित असणे म्हणजे उपयुक्त असणे नव्हे. स्वच्छ पाणीही सुरक्षित असते, पण ते न्यूमोनियाचे औषध नाही.

दुग्धशाळेच्या दृष्टीने उपयुक्तता म्हणजे आम्ल किती वेगाने होते, दही घट्ट व एकजीव लागते का, सुगंध कसा आहे आणि जीवाणूभक्षी विषाणूंपुढे विरजण टिकते का. या शेवटच्या व्यावहारिक प्रश्नातून २००७ मध्ये केवढे मोठे ज्ञान हाती आले! एका विरजण-उत्पादक कंपनीच्या शास्त्रज्ञांनी थर्मोफिलसमध्ये दाखवले की क्रिस्पर ही त्या जीवाणूची विषाणूंविरुद्धची प्रतिकारयंत्रणा आहे. त्या यंत्रणेपासून घडवलेल्या जनुक-कात्रीला २०२० चे नोबेल मिळाले.

वैद्यकाच्या दृष्टीने उपयुक्तता म्हणजे रुग्णाला होणारा, मोजता येणारा लाभ. येथे पुरावे वेगवेगळ्या वजनाचे आहेत.

सर्वांत भक्कम पुरावा आहे तो साध्या दह्याच्या बाजूने. लॅक्टोज न पचणाऱ्या व्यक्तीला दह्यातील लॅक्टोज दुधातल्यापेक्षा चांगले पचते, कारण जीवाणूंचे लॅक्टेज विकर त्यांच्यासोबत आतड्यात उतरते आणि तेथे काम करते. हे १९८४ पासून प्रयोगांनी ठाऊक आहे. दाव्यांबाबत अत्यंत कठोर असलेल्या युरोपीय प्राधिकरणानेही २०१० मध्ये हा दावा मान्य केला, मात्र दर ग्रॅमला किमान १० कोटी जिवंत विरजण-जीवाणू असण्याच्या अटीवर. १९८१ च्या एका भारतीय अभ्यासात लॅक्टोज न पचण्याचे प्रमाण उत्तर भारतीयांत २७.४ टक्के, तर दक्षिण भारतीयांत ६६.६ टक्के आढळले होते. त्यामुळे हा लाभ आपल्याकडे मुळीच किरकोळ नाही. चौदा दिवसांहून अधिक रेंगाळलेल्या जुलाबात वरच्या दुधाऐवजी दह्यासारखे आंबवलेले पदार्थ द्यावेत, हा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेच्या बालरोग व्यवस्थापन सूत्रातही आहे. ग्रहणीच्या चिकित्सेत चरकाने ताकाला जे मानाचे पान दिले, त्याला येथे आधुनिक शास्त्राचा दुजोरा मिळतो.

प्रतिजैविके घेताना होणाऱ्या जुलाबांबाबतही पुरावा बरा आहे. २०१९ च्या कॉक्रेन आढाव्यात ३३ चाचण्या व ६,३५२ मुले होती. प्रोबायोटिक घेणाऱ्यांत ८ टक्क्यांना जुलाब झाले, न घेणाऱ्यांत १९ टक्क्यांना.

तीव्र जुलाबात मात्र चित्र पालटते. नोव्हेंबर २०१८ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये अमेरिकेतील ९७१ व कॅनडातील ८८६ मुलांवरील दोन मोठ्या चाचण्या एकाच वेळी प्रसिद्ध झाल्या. सर्वांत नावाजलेला ऱ्हॅम्नोसस जीजी हा वाण पहिलीत होता. दोन्हींत पुडी आणि नुसते औषधसदृश चूर्ण यांत फरक आढळला नाही. आपल्या भारतीय बालरोग अकादमीच्या २००६ च्या मार्गदर्शनातही तीव्र जुलाबात प्रोबायोटिकची शिफारस करण्यापुरता पुरावा नाही, असेच म्हटले होते. ओआरएस आणि जस्त यांचे स्थान मात्र अढळ आहे. पुडी सुरक्षित आहे म्हणून ‘असू द्या’ असे म्हणण्यात एक छुपा धोका आहे. घराचे पैसे पुडीवर खर्च होतात, आईचा विश्वास पुडीवर बसतो, आणि ओआरएसचा पेला अर्धाच राहतो. मूल दगावते ते निर्जलीकरणाने. चांगल्या जंतूंच्या कमतरतेने नव्हे.

प्रतिबंधाबाबत आपल्याच देशात दोन लक्षणीय प्रयोग झाले. कोलकात्याच्या वस्तीत १ ते ५ वर्षांच्या ३,७५८ मुलांना बारा आठवडे रोज केसी शिरोटा वाणाचे आंबवलेले पेय किंवा तसेच दिसणारे जीवाणूविरहित पेय दिले गेले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत जुलाबांपासून १४ टक्के संरक्षण आढळले. लाभ खरा, पण माफक. दुसरा प्रयोग अधिक थरारक आहे. ओडिशाच्या खेड्यांत डॉ. पिनाकी पाणिग्रही व सहकाऱ्यांनी ४,५५६ नवजात बालकांवर केलेली चाचणी २०१७ मध्ये ‘नेचर’ने प्रसिद्ध केली. प्लँटारमचा एक विशिष्ट वाण, फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइडसह, फक्त सात दिवस दिला गेला. पहिल्या साठ दिवसांत जंतुसंसर्ग किंवा मृत्यू यांचे प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. ही बालके २ किलो वा अधिक वजनाची, जवळजवळ पूर्ण दिवसांची आणि स्तनपान करणारी होती. हा निष्कर्ष त्या वाणाचा, त्या मात्रेचा आणि त्या बालकांचा आहे. औषधाच्या दुकानातील कोणत्याही पुडीला तो उसना घेता येणार नाही.

तेच जीवाणू, वेगळा यजमान

अखेरचा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे ‘कोणाला?’. २००८ मध्ये नेदरलँड्समधील एका चाचणीत तीव्र स्वादुपिंडदाहाच्या रुग्णांना नळीवाटे सहा वाणांचे मिश्रण दिले गेले. संसर्ग कमी होतील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात ते कमी झाले नाहीत, आणि मिश्रण घेणाऱ्या १५२ पैकी २४ रुग्ण दगावले. न घेणाऱ्या १४४ पैकी ९. बोस्टनमधील अतिदक्षता विभागातील मुलांवरील २०१९ च्या अभ्यासात प्रोबायोटिक मिळालेल्या ५२२ पैकी सहा रुग्णांच्या रक्तात लॅक्टोबॅसिलस आढळला आणि जनुकमालिकेने तो कॅप्सूलमधलाच असल्याचे सिद्ध झाले.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. आतड्याचा कोथ या भयंकर विकाराचे प्रमाण प्रोबायोटिकने कमी होते, असे अनेक चाचण्या एकत्र पाहता दिसते. पण त्या चाचण्यांतील वाण, मात्रा व दर्जा यांत एकवाक्यता नाही. २०२१ मध्ये अमेरिकन बालरोग अकादमीने अशा बाळांना, विशेषतः १,००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळांना, सरसकट प्रोबायोटिक देण्यास पाठिंबा दिला नाही. २०२३ मध्ये तेथील अन्न व औषध प्रशासनाने एका अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या मृत्यूनंतर इशारा प्रसिद्ध केला. बाळाच्या रक्तातील बिफिडोबॅक्टेरियम आणि त्याला दिलेल्या उत्पादनातील जीवाणू यांची जनुकमालिका जुळली होती. १९०० च्या सुमारास हेन्री तिसिए यांनी स्तनपान करणाऱ्या निरोगी बाळांच्या शौचात शोधलेला बिफिडोबॅक्टेरियम हाच. निरोगी बाळाचा सोबती, ९०० ग्रॅमच्या बाळाच्या रक्तात शिरला तर वैरी. जीवाणूचा स्वभाव बदललेला नसतो. घराच्या भिंती कच्च्या असतात.

नवजात अतिदक्षता विभागात म्हणून ‘नैसर्गिक आहे, देऊन टाका’ या वृत्तीला थारा नसावा. द्यायचेच ठरले तर वाण, उत्पादनाची शुद्धता, मात्रा आणि पालकांशी केलेली चर्चा यांची नोंद असावी.

मग घरचे दही?

घरच्या दह्याविषयी निश्चिंतपणे चार गोष्टी सांगता येतात. दूध पाश्चरीकृत असावे अथवा नीट उकळलेले असावे. क्षय व ब्रुसेलोसिस यांचे जंतू विरजणाच्या भरवशावर सोडू नयेत. दूध कोमट झाल्यावरच, धुतलेल्या चमच्याने, ताज्या व चांगल्या वासाच्या दह्याचे विरजण लावावे. भांडे स्टीलचे, काचेचे वा मातीचे असावे. लागलेले दही शीतपेटीत ठेवावे. बुरशी, बुडबुडे, तार किंवा कडू वास आला तर ते विरजणासाठीही वापरू नये, विरजण नवे आणावे. आणि ताकातील खरा धोका बहुधा ताकाचा नसतो, त्यात घातलेल्या पाण्याचा व बर्फाचा असतो.

सहा महिने पूर्ण झालेल्या, पूरक आहार सुरू केलेल्या निरोगी बाळाला ताजे, गोडसर दही अवश्य द्यावे. मुख्य पेय म्हणून गाई-म्हशीचे दूध वर्षापर्यंत थांबू शकते, स्तनपान चालूच ठेवावे. केमोथेरपी चालू असलेल्या, अतिप्रतिकारक्षीण किंवा आतडे आखूड झालेल्या मुलांबाबत मात्र त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. कढीत जिवंत जीवाणू उरत नाहीत आणि उष्णता दिलेल्या श्रीखंडातही नाहीत. त्यांचा आनंद घ्यावा, त्यांच्यावर औषधाचे ओझे टाकू नये. घरच्या ताज्या दह्यात दर ग्रॅमला कोट्यवधी जीवाणू असतात, पण ते कोणते व किती हे रोज बदलते. म्हणून ते उत्तम अन्न आहे. व्याख्येच्या काटेकोर अर्थाने ‘प्रोबायोटिक औषध’ नाही. तसे ते नसण्यात त्याचा काही कमीपणा नाही.

पुडी किंवा बाटली विकत घेताना वेष्टनावर चार गोष्टी शोधाव्यात : वाणाचे पूर्ण नाव क्रमांकासह, मुदत संपेपर्यंत टिकणारी जिवंत जीवाणूंची संख्या, साठवणीचे तापमान आणि रोजची मात्रा. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१६ च्या नियमांत दैनिक मात्रेत किमान १० कोटी जीवाणूंची अट घातली गेली. ताकाला जाऊन भांडे कशाला लपवायचे? ज्याच्याजवळ पुरावा आहे तो वाणाचा क्रमांक छापायला लाजत नाही.

आपल्या समव्यवसायी मित्रांना एवढीच विनंती की, चिठ्ठीवर ‘प्रोबायोटिक’ असा मोघम शब्द न लिहिता वाण, मात्रा, दिवस आणि कारण लिहावे. कारण लिहिता येत नसेल तर ती ओळ कोरी ठेवावी, आणि त्या जागी ओआरएस कसे पाजायचे हे आईला बसवून समजावून सांगावे. त्याला पाच मिनिटे जास्त लागतात. ती पाच मिनिटे कोणतीही कंपनी पुडीत भरून विकत नाही.